थोडी स्पेस हवीय...

हल्ली सगळ्यांनाच स्पेस हवी असते. लग्नाला सहा महिने झालेल्या जोडप्याला हवी असते, हॉस्टेलवरून घरी परत आलेल्या मुलीला हवी असते, पार्किंगमध्ये बाइक लावणाऱ्याला तर हवीच हवी. पण या सगळ्यांपेक्षा जास्त डोक्याला शॉट देणारी एक स्पेस आपल्या शहराच्या नावातच बसलीय आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. 'छत्रपती' आणि 'संभाजीनगर' यांच्या मधली. की-बोर्डवरचं सगळ्यात लांब बटण दाबलं की पडते ना, ती!

हसू नका. इंग्रजीत 'औरंगाबाद' लिहायला १० अक्षरं लागायची, सगळी सलग. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली, शहराचं नाव बदललं आणि इंग्रजीत ते झालं २५ कॅरेक्टर्सचं. त्यातलं एक कॅरेक्टर म्हणजे ही रिकामी जागा. उस्मानाबादचंही तेव्हाच धाराशिव झालं, पण तिथे एक शब्द गेला आणि एकच शब्द आला. स्पेस आली ती आपल्या वाट्याला. नावाचं राजकारण हा या कॉलमचा विषय नाही, ते तुम्ही गुलमंडीवर उभं राहून मनसोक्त करा. माझा विषय त्या नावाच्या मागच्या कॉम्प्युटरचा आहे.

कारण नाव एका दिवसात बदलत नाही. शहरानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं बदललं, रेल्वे स्टेशनचं तर ऑक्टोबर २०२५ मध्ये. ऑफिसांमध्येही तसंच हळूहळू झालं. आधी बोर्ड, मग लेटरहेड, मग रबरी शिक्के, मग जीएसटीच्या बिलावरचा पत्ता. आणि सगळ्यात शेवटी, जेव्हा हेड ऑफिसमधल्या कुणाला तरी आठवण झाली तेव्हा, सर्व्हरवरच्या फोल्डरचं नाव.

इथून पुढची गोष्ट माझ्या एका शाळासोबत्याची. तो वाळूज भागातल्या पाच-सहा छोट्या कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्यातली एक ट्रान्सपोर्टवाली. त्यांच्या सात शाखा. प्रत्येक शाखेतून बिल्टीच्या आणि पीओडीच्या, म्हणजे माल पोचल्याच्या सही-शिक्क्याच्या कागदांच्या स्कॅन कॉपी रोज सर्व्हरवर येऊन पडतात. ज्यांचं ट्रान्सपोर्टशी कधी नातं आलं नाही त्यांच्यासाठी सांगते, पीओडी हातात नसेल तर पार्टी बिलाचे पैसे देत नाही. विषय संपला. म्हणजे त्या सर्व्हरवर कागदांचे फोटो नव्हते, उधारी वसूल करायचा पुरावा होता.

महिनाअखेरीला त्या शाखांचे फोल्डर बॅकअप डिस्कवर कॉपी करून मूळ जागा रिकामी करायची, असं काम. त्यासाठी सात-आठ वर्षांपूर्वी कुणीतरी एक शेल स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. शेल स्क्रिप्ट म्हणजे फार काही थोर नाही हो. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर ज्या कमांड रोज हाताने टाइप करायच्या, त्याच एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवायच्या. आईने कामवाल्या बाईंसाठी फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं. फक्त या बाई चिठ्ठीत लिहिलंय तेच करतात, आणि लिहिलेलं चुकलं असेल तरी तेच करतात!

स्क्रिप्ट विचारायची : कोणती शाखा? ऑपरेटर टाइप करायचा : पुणे. स्क्रिप्ट आधी 'सीडी' कमांडने /डेटा/पुणे या फोल्डरमध्ये जायची, तिथलं सगळं बॅकअपला कॉपी करायची आणि मग 'आरएम' कमांडने तिथलं सगळं पुसून टाकायची. पुणे, नाशिक, जालना, औरंगाबाद. इतकी वर्षं एकदम मक्खन.

मग हेड ऑफिसचा मेल आला आणि फोल्डरचं नाव बदललं. महिनाअखेरीला रात्रपाळीच्या पोराने, बी.कॉम. झालेला, कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा, नवीन नाव टाइप केलं. पूर्ण, २५ च्या २५ कॅरेक्टर्स, स्पेलिंगसकट बरोबर. एंटर दाबलं. पडद्यावर काहीतरी झर्रकन सरकून गेलं आणि नेहमीसारखं 'काम झालं' असं आलं.

सकाळी सातही शाखांचे फोल्डर गायब!

झालं काय होतं? शेलचा जुना फंडा असा की, स्पेस दिसली की नाव संपलं. कमांडमध्ये पुढे आलेला शब्द ही वेगळी वस्तू. 'छत्रपती संभाजीनगर' हे तुमच्या-माझ्यासाठी एक शहर आहे, शेलसाठी त्या दोन वस्तू झाल्या : '/डेटा/छत्रपती' आणि 'संभाजीनगर'. 'सीडी'ला एका वेळी एकाच फोल्डरमध्ये जाता येतं, त्यामुळे ती गोंधळली, एक एरर दिली आणि जागची हललीच नाही. स्क्रिप्ट उभी होती /डेटा मध्ये, म्हणजे जिथे सातही शाखांचे फोल्डर शेजारी शेजारी होते तिथे. पुढच्या ओळीतल्या कॉपीने आपलं फोल्डर शोधलं, सापडलं नाही, तिनेही एरर दिली. आणि त्याच्या पुढची ओळ म्हणाली, 'आता जिथे उभी आहेस तिथलं सगळं पूस.' तिने पुसलं. तिची काय चूक?

चूक कुणाची हा प्रश्न ऑफिसमध्ये मात्र दहा मिनिटांत निकाली निघाला. त्या पोराने काहीतरी चुकीचं टाइप केलं. बस्स. दुपारपर्यंत मेमो तयार. माझ्या मित्राला फोन आला तो कंपनीचा नव्हता, त्या पोराचा होता. 'दादा, मी नाव बरोबरच टाकलं होतं. आईशप्पथ.'

मला या सगळ्या प्रकरणातलं हे वाक्य सगळ्यात जास्त लागलं. कारण खरंच त्याने नाव बरोबरच टाकलं होतं. सरकारी गॅझेटमध्ये आहे तस्सं! आणि चुकीचं टाकलं असतं, अगदी 'संबाजीनगर' असं टाकलं असतं, तरीही सात शाखा उडण्याचं कारण काय? बँकेच्या एटीएममध्ये पिन चुकला तर मशीन 'चुकीचा पिन' म्हणतं, शाखेला आग लावत नाही.

मित्राने संध्याकाळी एका रिकाम्या कॉम्प्युटरवर तसेच सात खोटे फोल्डर बनवले, त्यात खोट्या फाइल टाकल्या, मॅनेजरसाहेबांना शेजारी बसवलं आणि म्हणाला, 'सर, नाव तुम्ही स्वतः टाइप करा.' साहेबांनी केलं. सातही फोल्डर साफ! साहेब म्हणे बराच वेळ पडद्याकडे बघत बसले होते. मग मित्र म्हणाला, 'आता काहीच टाइप करू नका, नुसतं एंटर दाबा.' पुन्हा सात फोल्डर बनवले, साहेबांनी एंटर दाबलं... पुन्हा साफ. आणि या वेळी एक एररसुद्धा नाही.

ही दुसरी ट्रिक समजून घ्या, कारण ती पहिलीपेक्षा बेकार आहे. काही टाइप न करता एंटर मारलं तर शाखेचं नाव रिकामं. '/डेटा/' पुढे रिकामं म्हणजे '/डेटा/'च. हा फोल्डर अस्तित्वात आहे, तिथे जाता येतं, तिथे पुसायची परवानगीही आहे. म्हणजे 'फोल्डर आहे का?', 'जाता आलं का?' असे सभ्य प्रश्न विचारून तुम्ही खुश होऊन बसाल आणि तिन्ही उत्तरं 'हो' येतील. म्हणजे या सभ्य प्रश्नांनी इथे काहीच वाचत नाही.

असं फक्त वाळूजमध्ये होतं असं समजू नका. २०११ मध्ये 'बम्बलबी' नावाच्या लिनक्सच्या एका प्रोग्रॅमच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका पत्त्याच्या मध्ये चुकून एक स्पेस पडली. '/यूएसआर/लिब' च्या पुढचा कुठलातरी कोपऱ्यातला फोल्डर पुसायचा होता, स्पेसमुळे अख्खा '/यूएसआर' पुसला जायला लागला. तिथे तर लिनक्सचे निम्मेअधिक प्रोग्रॅम राहतात! जानेवारी २०१५ मध्ये गेमवाल्यांच्या लाडक्या 'स्टीम'चा किस्सा उघडा पडला. तिथल्या स्क्रिप्टमध्ये ज्या जागेत स्टीमचं फोल्डर आहे तो पत्ता एका नावात साठवलेला होता आणि 'त्या पत्त्याच्या पुढे स्लॅश, त्याच्या आतलं सगळं पूस' अशी ओळ होती. एका युजरने आपलं स्टीमचं फोल्डर दुसरीकडे हलवलं, पत्ता शोधता आला नाही, नाव रिकामं राहिलं. रिकाम्याच्या पुढे स्लॅश म्हणजे कॉम्प्युटरचं मूळ, जिथून सगळी झाडं फुटतात ती जागा. त्याच्या फाइल तर गेल्याच, जोडलेली बाहेरची बॅकअप डिस्कसुद्धा गेली. आणि खरी गंमत म्हणजे त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच शेरा मारून ठेवला होता : 'स्केअरी!' म्हणजे भीती वाटत होती, पण चेक टाकायचा कंटाळा आला. हे वाचून मला आपल्या शहरातल्या उघड्या ड्रेनेजशेजारी लावलेली झाडाची फांदी आठवली. धोका आहे हे सगळ्यांना माहीत, झाकण मात्र कुणी बसवत नाही.

स्टीमच्या त्या ओळीत डबल कोट्स व्यवस्थित होते, हे मुद्दाम सांगते. कारण शेलवाल्या कुठल्याही मित्राला विचारा, तो पहिला उपाय हाच सांगेल : नावाच्या दोन्ही बाजूंना डबल कोट्स लाव. बरोबरच आहे ते. कोट्स लावले की शेलला कळतं, मधली स्पेस ही नावाचाच भाग आहे, तोडायचं नाही. आपल्या शहराला मधली स्पेस हवी असेल तर शेलमध्ये ती कोट्सच देतात! दुसरा उपाय, 'सीडी' फसली तर तिथेच थांब, पुढची ओळ वाचूच नकोस. हाही हवाच. एवढे दोन केले असते तर त्या रात्री काही झालं नसतं. पण एंटर मारण्यावर हे दोन्ही उपाय फुस्स. कोट्सच्या आत काहीच नसेल तर कोट्स काय वाचवणार? त्यासाठी शेलमध्ये वेगळी सोय आहे. डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, नाव, आणि कंस बंद करण्याआधी कोलन आणि प्रश्नचिन्ह. एवढं लिहिलं की नाव रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच मरते. काही जण वर 'सेट मायनस यू' लिहितात आणि निर्धास्त होतात. त्याने अजिबात न ठरवलेलं नाव पकडलं जातं, पण युजरने नुसतं एंटर मारून दिलेलं रिकामं नाव हे 'ठरवलेलं' असतं, फक्त रिकामं असतं. त्यामुळे ते सुटतं. वकिली पळवाट आहे, पण आहे!

लिनक्सची 'आरएम' स्वतः आता थोडी शहाणी झालीय. तिला नुसतं मूळ स्लॅश पुसायला सांगितलं तर ती नाही म्हणते. पण 'स्लॅशच्या आतलं सगळं' असं सांगितलं की तारांकन चिन्हाची यादी शेल आधीच करून देतो, तिच्यासमोर घराघरांची वेगवेगळी नावं येतात आणि ती बिनधास्त कामाला लागते. त्यामुळे तिच्या शहाणपणावर विसंबू नये.

आता पत्ता. पाथ म्हणजे पत्ताच ना शेवटी. आपल्याकडे पत्ता कसा सांगतात? 'इथून सरळ जा, डाव्या हाताला वळा, मागच्या गल्लीत.' हा पत्ता तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून. क्रांती चौकात उभे असाल तर एका घरी पोचाल, टीव्ही सेंटरला उभे असाल तर भलत्याच घरी. शेलमध्ये स्लॅशने सुरू होणारा पाथ म्हणजे पिनकोडसकट पूर्ण पत्ता, आणि स्लॅशशिवाय सुरू होणारा म्हणजे हा 'इथून डावीकडे' वाला. आणि दोन टिंबं, '..', म्हणजे 'एक गल्ली मागे या.' त्या स्क्रिप्टला कुणी शाखेचं नाव म्हणून नुसती दोन टिंबं दिली तर? /डेटा मधून एक पायरी मागे म्हणजे थेट मूळ. कोट्स आहेत, रिकामं नाही, फोल्डर अस्तित्वात आहे, 'सीडी' व्यवस्थित गेली. आणि पुढची ओळ : 'इथलं सगळं पूस.' आता बोला!

म्हणून माझ्या मित्राचं म्हणणं, जे मला पूर्ण पटलं, ते असं : युजरने दिलेला पत्ता कसा दिसतो ते बघत बसू नका, तो नेतो कुठे ते बघा. नावात टिंबं आहेत का, टिंबांच्या मध्ये स्लॅश आहे का, असं शोधून शोधून बंदी घालणारे लोक कायम एक पाऊल मागे राहतात. त्यापेक्षा 'रिअलपाथ' नावाची कमांड वापरायची. ती टिंबं सोडवते, मध्ये कुठे शॉर्टकट असेल, लिनक्सच्या भाषेत सिमलिंक, तर त्याच्या पलीकडचं खरं घर शोधते, आणि शेवटी सरळसोट पूर्ण पत्ता हातात देते. मग एकच प्रश्न विचारायचा. हा पत्ता '/डेटा/' ने सुरू होतो का? नाही? मग बाहेर!

तो शेवटचा स्लॅश विसरायचा नाही. सिडकोत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला दोन सेकंद लागतात. 'एन-१ ने सुरू होणारे सगळे पत्ते' असं पोस्टमनला सांगितलं तर तो एन-११ आणि एन-१२ ची पत्रंही घेऊन येईल! स्लॅश नसेल तर '/डेटा' ने '/डेटा-जुना' सुद्धा सुरू होतो. स्लॅश असला की एंटरवालंही पकडलं जातं, कारण रिकाम्या नावाचा रिअलपाथ येतो नुसता '/डेटा', पुढच्या स्लॅशशिवाय.

अजून एक मजेदार जात आहे, डॅशने सुरू होणाऱ्या नावांची. कुणी फाइलचं नावच '-आरएफ' असं ठेवलं तर 'आरएम' त्याला फाइल समजत नाही, हुकूम समजते. 'आतलं सगळं विचार न करता पूस' असा हुकूम. त्यासाठी कमांड आणि नावाच्या मध्ये दोन डॅश टाकायचे, म्हणजे 'इथून पुढे हुकूम संपले, आता नावं' असं तिला कळतं. युनिक्सच्या जगात फाइलच्या नावात फक्त दोनच गोष्टी चालत नाहीत, स्लॅश आणि शून्य नावाचं अदृश्य कॅरेक्टर. बाकी सगळं चालतं. स्पेस, डॅश, प्रश्नचिन्ह, एवढंच काय, नावाच्या मध्येच नवीन ओळसुद्धा! कुणी एवढं अवलीपण करेल का? मुद्दाम कुणी करत नाही हो, पण व्हॉट्सअॅपवरून कॉपी-पेस्ट करताना काय काय चिकटून येतं ते तुम्हालाही माहितीय.

तपासणी आणि पुसणं यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्याच कुणी शॉर्टकट बदलला तर, असाही एक प्रश्न असतो. अनेक लोक एकाच सर्व्हरवर काम करतात तिथे तो खरा आहे. त्यावर मित्राने सोपा मार्ग काढला : स्क्रिप्ट ज्या लॉगिनने चालते त्याला /डेटा सोडून कुठेच पुसायची परवानगी नाही. तेवढ्याने सगळं संपत नाही, पण नुकसान कुंपणाच्या आत राहतं.

ट्रान्सपोर्ट कंपनीचं पुढे काय झालं विचाराल. आठवड्यापूर्वीची एक कॉपी सापडली. मधल्या पाच दिवसांच्या पीओडी शाखाशाखांमधून पुन्हा मागवल्या, पुन्हा स्कॅन केल्या. ज्यांचे मूळ कागद आधीच पार्ट्यांकडे गेले होते त्यांच्या हातापाया पडून झेरॉक्स आणल्या. काही बिलं अजून अडकलेली आहेत म्हणे. मेमो 'परत घेतला' असं त्या पोराला तोंडी सांगितलं. कागदावर कुणी दिलं नाही. तो मेमो फाइलमध्ये तसाच असेल तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायच्या वेळी कुणालातरी सापडणार, एवढं कळायला एचआरमध्ये एमबीए लागत नाही. माझा मित्र अजून त्या कागदाच्या मागे आहे.

याच्या उलट एक किस्सा जपानचा आहे आणि तो मला त्या मॅनेजरसाहेबांना पाठवावासा वाटतो. क्योटो विद्यापीठाच्या सुपर कॉम्प्युटरवर १४ ते १६ डिसेंबर २०२१ या तीन दिवसांत सुमारे ७७ टेराबाइट डेटा उडाला. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइल! चौदा संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळण्यासारखा नव्हता. कारण काय, तर जुने लॉग पुसणारी बॅकअपची एक शेल स्क्रिप्ट. ती चालू असतानाच पुरवठादार कंपनीने तिच्यावर सुधारलेली नवी आवृत्ती ठेवली. शेल चालता चालता फाइल वाचत जातो, त्यामुळे अर्ध्यात तो नव्या स्क्रिप्टमध्ये शिरला. तिथे ज्या नावात फोल्डरचा पत्ता असायला हवा होता ते नाव रिकामं होतं. तिथे तर कुणी काही टाइपसुद्धा केलं नव्हतं. पण मुद्दा तोच, पुसणाऱ्या ओळीने पत्ता आहे की नाही हे विचारलंच नाही. पुरवठादार होती ह्युलेट पॅकार्डची जपानमधली कंपनी. तिने लेखी पत्र दिलं, त्यात काय घडलं ते ओळ न् ओळ सांगितलं आणि जबाबदारी शंभर टक्के आमची, असं मान्य केलं. विद्यापीठाने ते पत्र जाहीर केलं. कुठल्याही ऑपरेटरचं नाव नाही, 'युजरच्या निष्काळजीपणामुळे' नाही.

आपल्याकडे या प्रकारावर आलेलं पहिलं उत्तर काय होतं माहितीय? एका कॉम्प्युटरवाल्या गृहस्थांनी सल्ला दिला : फोल्डरच्या नावात स्पेस ठेवूच नका, मध्ये अंडरस्कोर टाका. झालं! म्हणजे सात-आठ वर्षं जुन्या तीन ओळींसाठी शहराने मध्ये अंडरस्कोर घालून फिरायचं. मला हे पटत नाही. स्वतः बनवलेल्या फाइलला तुम्ही अंडरस्कोर लावा, खुशाल लावा, मीही लावते. पण समोरच्या माणसाने त्याच्या गावाचं नाव जसं आहे तसं लिहिलं तर ते झेपवणं हे स्क्रिप्टचं काम आहे. पत्ता झेपत नसेल तर तिने हात जोडून परत पाठवावं, आणि परत पाठवताना काय मिळालं तेही सांगावं. 'फोल्डर सापडला नाही : छत्रपती' एवढं जरी त्या रात्री पडद्यावर ठळक थांबलं असतं ना, तर बी.कॉम.वाल्या पोरालाही कळलं असतं की, अरेच्चा, अर्धं नाव कुठे गेलं?

नव्या स्क्रिप्टमध्ये मित्राने तर नाव टाइप करायची भानगडच काढून टाकली. आता पडद्यावर यादी येते : १ जालना, २ नाशिक, ३ पुणे... ऑपरेटरने नुसता आकडा द्यायचा. बॅशमध्ये 'सिलेक्ट' नावाची सोय त्यासाठीच आहे. शाखा सातच आहेत, तर माणसाला २५ कॅरेक्टर्स लिहायला लावायचीच कशाला? यातही एक खुबी आहे. यादीत नसलेला आकडा दिला, समजा ९, तर 'सिलेक्ट' तक्रार करत नाही, नाव रिकामं ठेवून पुढे जातो. आणि रिकामं नाव काय करतं ते आता तुम्हाला पाठ झालं असेल. म्हणून कोलन-प्रश्नचिन्हवाला पहारेकरी तिथेही उभाच आहे. आणि थेट पुसणं बंद. आधी फोल्डर 'जुने' नावाच्या जागेत हलतो, महिनाभर पडून राहतो, बॅकअप उघडतोय हे बघितलं की मग जातो.

यादीचा फायदा आणखी एका बाबतीत झाला, तो त्यालाही आधी सुचला नव्हता. जालन्याच्या शाखेतला एक जण फोल्डरची नावं मराठीत ठेवतो, 'दुसऱ्या पाळीच्या पावत्या' वगैरे. नेटवर मिळणाऱ्या बऱ्याच तयार स्क्रिप्ट नाव तपासताना फक्त इंग्रजी ए ते झेड, आकडे, डॅश आणि अंडरस्कोर एवढंच चालवून घेतात. देवनागरी दिसली की 'अवैध नाव'! वास्तविक लिनक्सला मराठीचं काहीच वावडं नाही. मर्यादा आहे ती लांबीची. एका नावाला २५५ बाइट आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, तीन बाइट खातं. 'औरंगाबाद' २४ बाइटमध्ये बसायचं, 'छत्रपती संभाजीनगर'ला ४९ लागतात. तरी पुष्कळ जागा उरते.

खरी गोम निघाली 'दुसऱ्या' मधल्या त्या अर्धचंद्रासारख्या 'ऱ'मध्ये. तो तीन तऱ्हांनी टाइप होतो. कुठला की-बोर्ड त्याचं तयार अक्षर देतो, कुठे साधा 'र' घेऊन खाली नुक्ता लावला जातो, तर कुठे 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लिनक्स मात्र दिसणं बघत नाही, बाइट मोजतो, त्यामुळे त्याच्या लेखी ती तीन वेगळी नावं. जालन्याहून मोबाइलवर बनवलेला फोल्डर इथल्या की-बोर्डवरून टाइप केला की स्क्रिप्ट म्हणायची सापडत नाही, आणि ऑपरेटर म्हणायचा, अहो, हा काय समोर दिसतोय! मित्राने त्या पोराला बोलावलं, तिन्ही 'ऱ' घालून तीन फोल्डर बनवायला लावले. चौथा नुसत्या डॅशचा, पाचवा आपल्या शहराच्या नावाचा, मधल्या स्पेससकट. आता स्क्रिप्टमध्ये काहीही बदल केला की आधी या पाच फोल्डरवर ती चालवून बघायची, हे काम त्या पोराकडे आहे.